टर्नटेबलखालचं (रेकॉर्ड प्लेयरखालचं) स्टँड: वजन नंतर बघा, आधी स्प्रिंग किती दबते ते मोजा

रेकॉर्डच्या खाचेची थरथर कोणती आणि स्टँडचा हादरा कोणता, हे सुईला कळत नाही. कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) दोन्हींचा सिग्नल करतं. त्यात आरआयएए वक्रामुळे (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास परत वाढवण्याचं ठरलेलं प्रमाण) फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा सिग्नल मोठा करणारा अॅम्प्लिफायर, २० हर्ट्झचा सिग्नल १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे नऊपट उचलते. म्हणून जवळून कुणी चाललं तरी वूफरचा (बासच्या स्पीकरचा) पडदा आत-बाहेर होताना दिसतो.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) आणि कार्ट्रिजची मिळून होणारी नैसर्गिक वारंवारता. आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईच्या जागी जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांचं वजन ग्रॅममध्ये एकत्र करा, कम्प्लायन्सने (सुईच्या लवचीकतेचा आकडा) गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. आर्म १२ ग्रॅम, स्क्रूंसकट कार्ट्रिज ८ ग्रॅम, कम्प्लायन्स १२, तर उत्तर येतं १० हर्ट्झच्या जरा वर. ते ८ ते १२च्या दरम्यान हवं. (काही जपानी उत्पादक कम्प्लायन्स १०० हर्ट्झला मोजून देतात. तो आकडा इथे थेट घालू नका, उत्तर चुकतं.)

आता स्टँडकडे या. वजनाखाली २.५ मिमी दबणाऱ्या स्प्रिंगची वारंवारता १० हर्ट्झ असते. १० मिमी दबली तर ५, २५ मिमी दबली तर ३च्या थोडी वर. कोणतंही आयसोलेशन (हादरे अडवणारा मऊ आधार) आपल्या वारंवारतेच्या १.४ पटीपलीकडेच हादरे कमी करतं. त्याच्या अलीकडे काही उपयोग नाही, आणि नेमक्या स्वतःच्या वारंवारतेला तर ते हादरे वाढवतं. जेमतेम २-३ मिमी दबणारे रबरी पाय इथेच फसवतात. शिवाय रबर कंपनांना स्थिर वजनाखाली वाटतं त्यापेक्षा ताठ वागतं, त्यामुळे खरा आकडा आणखी वर जातो. वरची गुणगुण ते कापतात, पण पावलांचा धक्का थेट आर्मपर्यंत जातो.

स्प्रिंग निवडताना एकूण वजनाला चारने भागून मोकळं होऊ नका. मोटर आणि आर्मच्या बाजूला भार जास्त असतो. चारही कोपऱ्यांखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा, एकेक ठोकळा काढून त्या जागी तेवढ्याच उंचीचा वजनकाटा सरकवा आणि कोपऱ्यावरचा भार लिहून घ्या. एका कोपऱ्यावर ३ किलो भार असेल तर २५ मिमी दबण्यासाठी दर मिलिमीटरला १२० ग्रॅमची स्प्रिंग लागते. स्प्रिंगा शक्य तितक्या लांब-लांब ठेवा, नाहीतर प्लेयर डुलतो. आत फोमचा तुकडा सैलसर घातला की डोलणं लवकर थांबतं, घट्ट कोंबला तर स्प्रिंगच निकामी होते.

प्लेयरचं सबचेसिस (प्लॅटर आणि आर्म धरणारी आतली चौकट) मुळात स्प्रिंगवर असेल (१९६१चा एआर एक्सए, लिन एलपी१२), तर खाली आणखी मऊ काही नको. दोन मऊ थर एकमेकांना हलवतात आणि सुई उडते. अशा प्लेयरला हलकं, ताठ टेबल द्या. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर तर भार पेलणाऱ्या भिंतीला ठोकलेलं शेल्फच उत्तम. जिप्समच्या पार्टिशनला ते लावू नका, पार्टिशन स्वतःच ढोलासारखं वाजतं.

काँक्रीटच्या जमिनीवर पावलांपेक्षा स्पीकरचा आवाज जास्त छळतो. तिथे सबचेसिस नसलेल्या प्लेयरला जड, मुकं स्टँड लागतं. ते खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका, कारण तिथे बास साठतो. नुसती ग्रॅनाइटची फरशी टकटक केली की घंटेसारखी वाजते. दोन प्लायमध्ये कायम लवचीक राहणाऱ्या गोंदाचा थर दिला की तीच टकटक ‘थप’ होते. कडक वाळणारा गोंद इथे कुचकामी. पोकळ लोखंडी पायांत वाळू भरा, पण ती पूर्ण कोरडी हवी, नाहीतर पाय आतून गंजतात. आणि स्पाइकने (पायांखालच्या टोकदार खिळ्यांनी) हादरे अडत नाहीत, स्टँड फक्त जमिनीला घट्ट टेकतं.

शेवटी पाणसळ प्लॅटरवरच (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीवर) ठेवून पातळी साधा आणि मग चाचणी घ्या. आवाज शून्यावर आणून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, मग हळूहळू रोजच्या पातळीपर्यंत वाढवा आणि स्टँडवर बोटाच्या पेराने टकटक करा. ‘ठक्’ होऊन लगेच विरलं तर ठीक. ‘बूऽऽम’ लांबत गेलं तर आवाज लगेच खाली आणा. ते हुंकारात बदललं की वूफरची कॉइल जाऊ शकते.