आजी रोज भरवत होती

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या बीटमधील, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या, गावांत सकाळी नऊनंतर मुलांच्या आयांची भेट होत नाही. मजुरी किलोवर असल्यामुळे जी लवकर वावरात पोहोचते तिच्या ओटीत जास्त कापूस पडतो, आणि घरी राहिलेली मुले आजीच्या किंवा थोरल्या भावंडाच्या हवाली असतात. यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून काम करताना अशा दिवसांत मुलांची वजने घसरताना मी दरवर्षी पाहते. तरीही यंदाची एक चौदा महिन्यांची मुलगी मनातून जात नाही, कारण तिच्या घरात खायला काही कमी नव्हते आणि तिच्याकडे कोणाचे दुर्लक्षही नव्हते.

मोजमापाच्या बाबतीत मी कठोर आहे. मूल दोन वर्षांखालचे असेल तर त्याची लांबी झोपवूनच मोजायची, एकीने डोके फळीला टेकवून धरायचे आणि दुसरीने गुडघे सरळ करून टाचा लावायच्या. हे एकटीचे काम नाही. दंडाचा घेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना घ्यायचा. पट्टी रुतली तर घेर कमी येतो आणि ढिली राहिली तर आजारी मूल निरोगी ठरते. काही सेविका मागच्या महिन्याच्या वजनात शंभर-दोनशे ग्रॅम मिळवून नोंद पूर्ण करतात, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्याला केवळ त्यांचा आळस कारणीभूत नाही. तीव्र कुपोषित मुलांचा आकडा वाढला की वरून जाब विचारला जातो, आणि प्रामाणिकपणे मोजणाऱ्या सेविकेचेच गाव बैठकीत उभे केले जाते. या मुलीचा घेर आम्ही पुन्हा मोजला, तरी ११.३ सेंटीमीटरच भरला. ११.५ च्या खाली पट्टीचा लाल भाग लागतो, म्हणजे मूल तीव्र कुपोषित.

दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहिला, सूज नव्हती, तापही नव्हता. आरोग्यसेविकेने भुकेची चाचणी घेतली, म्हणजे मूल दिलेला आहार स्वतःच्या ओढीने खाते का हे पाहिले. जे मूल खात नाही त्याला रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावे लागते. जे खाते आणि ज्याला दुसरा आजार नाही, त्याच्यावर गावातल्या अंगणवाडीत चालणाऱ्या ग्राम बालविकास केंद्रात उपचार होऊ शकतात. "थे खातच नाही मॅडम, मी त रोज चारतो तिले," असे आजी सांगत होती, आणि तेवढ्या वेळात मुलीने वाटी संपवून सेविकेचे बोट धरून ठेवले होते.

म्हणून मी दुपारी जेवणाच्या वेळी त्यांच्या घरी गेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची होती. हा आकडा बैठकीत निघाला की चर्चा गरिबीवर येऊन थांबते. या घरात मात्र तुरीची डाळ होती, शेंगदाणे होते, जवसाची चटणी होती आणि तेलाचा डबा अर्धा भरलेला होता. आमची घरपोच आहाराची पाकिटेही फळीवर नीट रचलेली होती.

आजीने पाट मांडला, हात धुतले आणि एका मोठ्या ताटलीत भात घेऊन त्यावर वरणाचे वरचे पाणी ओतले, कारण लहान लेकराला दाट पचत नाही अशी तिची समजूत होती. मुलगी डाव्या मांडीवर आणि चार वर्षांचा नातू ताटलीसमोर बसला. आजी प्रत्येक घास मन लावून कालवत होती, पण तिचा हात कधी मुलीच्या गालाला लागे, कधी हनुवटीवरून घसरे. भाताची शिते फ्रॉकवर पडत, आणि जो घास तोंडापाशी थांबे तो नातू पुढे होऊन खाऊन टाकी. ताटली रिकामी झाल्यावर तिने समाधानाने हात धुतला. तिच्या हिशेबी मुलगी पोटभर जेवली होती. मी आजीच्या चेहऱ्यासमोर दोन बोटे धरली, तेव्हा ती तिला दिसली नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि ही गोष्ट सुनेला, मुलाला किंवा रोज दारावरून जाणाऱ्या आम्हा कोणालाच माहीत नव्हती, कारण सवयीच्या घरात ती न चुकता वावरत होती.

आमची व्यवस्था या ताटलीपर्यंत पोहोचतच नाही. घरपोच आहार देताना मोबाइलवर आईच्या चेहऱ्याची पडताळणी करावी लागते. त्यासाठी वेचणीच्या दिवसांत सेविकेला रात्री घरोघर फिरावे लागते आणि रेंज नसेल तर पुन्हा यावे लागते. पाकीट कोणी घेतले हे त्यात पक्के नोंदले जाते, पण ते कोणाच्या पोटात गेले याची नोंद कोठेही होत नाही. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत गरम जेवण जेवतात, मात्र ज्या वयात भरवणारा हात सर्वांत जास्त लागतो त्या तीन वर्षांखालील मुलांसाठी केवळ पाकीट आहे. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची पाळणा योजना कागदावर चांगली आहे. माझ्या बीटमध्ये असे एकही पाळणाघर नाही, आणि कापसाच्या पट्ट्यात ते नसावे याचा मला राग येतो.

संध्याकाळी आईवडील परतल्यावर पुन्हा गेले. "मी वावरात नाही गेली त पैसे कोण देईन?" हा आईचा प्रश्न रास्त होता आणि तिने घरी बसावे असे मी सुचवलेही नाही. चौदा महिन्यांच्या मुलाला दिवसातून तीन-चार जेवणे आणि मध्ये एक-दोनदा काही खायला लागते, कारण पोट लहान असते. मोठ्यांबरोबर दोनदा जेवून त्याचे भागत नाही. मुलीची वाटी वेगळी केली, म्हणजे किती खाल्ले ते दिसते. वरणाच्या पाण्याऐवजी तळची डाळ कालवायची आणि प्रत्येक वाटीत चहाच्या चमच्याने एक चमचा तेल घालायचे. त्या एका चमच्यातून सुमारे ४५ किलोकॅलरी मिळतात. शेंगदाण्याचा बारीक कूट, मिळेल तेव्हा अंडे. जेवणाच्या आधी चहा-बिस्किट बंद, कारण त्याने भूक मरते. आई सकाळी निघण्यापूर्वी भरवेल आणि संध्याकाळी ती चुलीपाशी असताना वडील भरवतील, असे ठरले. वडील आधी संकोचले. नंतर त्यांनी त्याच रात्री वाटी हातात घेतली, आणि मुलीचे तोंड कधी उघडते याचा अंदाज त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर आला.

दुपारचा प्रश्न ग्राम बालविकास केंद्रामुळे सुटला. नातवाला सोडायला आलेली आजी मुलीलाही आणे आणि मदतनीस ताई तिला भरवत. दंडाची पट्टी लालवरून पिवळ्यावर आली. केंद्राची मुदत संपली तरी ताई दुपारचे भरवणे चालूच ठेवून आहेत, त्याचा मोबदला त्यांना मिळत नाही आणि तो मागावा असा रकाना माझ्या कोणत्याही अर्जात नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, पण आजी वेचणी संपेपर्यंत जायला तयार नाही; ती गेली तर लेकरांना अंगणवाडीत कोण आणणार, असे ती विचारते. आता संक्रांतीनंतरची तारीख घेतली आहे, आणि तेवढ्या दिवसांसाठी मुलीची आत्या माहेरी येऊन राहणार आहे.