रोजच्या सायकलची नोंद: ३,१०० किमी, नवीन रिमा आणि एक हट्टी कट्-कट्

मीटर आज सकाळी ३,१०० वर गेला म्हणून म्हटलं आता बसून सगळं एकदा लिहूनच टाकावं. थोडक्यात गाडीची ओळख: जुनी स्टीलची, ताठ बसून चालवायची सायकल, मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) तीन गिअर, २६ इंची चाकं, रोज जाऊन-येऊन साधारण १४ किमी, आणि गेले अकरा महिने मी ऑफिसला हिच्यावरच जाते.

घ्यायची वेळ आली तेव्हा समोर दोन होत्या, एक नवीकोरी, पुढे सस्पेन्शन, २१ गिअर, जाड टायर, आणि दुसरी ही धूळ खात पडलेली. नवी दिसायला जबरदस्त होती हे कबूल, पण चालवून बघितली तर उभं राहून पायडल मारलं की पुढचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) खाली-वर बसत होता, म्हणजे माझा जोर तिथेच मुरत होता, वर मडगार्ड लावायला फ्रेमला भोकंच नव्हती. आणि डिरेलरचे, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारे, गिअर पायडल फिरत असतानाच बदलतात, सिग्नलला अचानक थांबावं लागलं की भारी गिअरमध्येच अडकून परत निघायचं. हबगिअर जागेवर उभं असताना बदलतो. शहरात दर पाच मिनिटांनी थांबणाऱ्या माणसाला याचं महत्त्व कळतं.

माझं मत आता पक्कं झालंय की रोजच्यासाठी सायकल घेताना आधी फ्रेम बघायची, बाकी सगळं नंतर बदलता येतं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिलं की वरचा दांडा आणि आपल्यात दोन-तीन बोटं जागा हवी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, मग तळव्याचा पुढचा भाग पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक येतो. टायर आणि फ्रेममध्ये मडगार्डसकट जागा हवी. सीटपोस्ट (सीटची नळी) गंजून अडकलेला नाही ना, हे फिरवून बघाच, अडकला असेल तर ती फ्रेम सोडून द्या.

आणि जुनी फ्रेम असेल तर दोऱ्याची टेस्ट कराच करा. मागच्या एका ड्रॉपआउटला (फ्रेममध्ये चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधायचा, पुढे हेडट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या बाजूने मागे आणून ताणून बांधायचा, मग सीटट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि दोऱ्यातलं अंतर दोन्हीकडे मोजायचं. माझं एका बाजूला २५ मिमी आणि दुसऱ्या बाजूला २६ आलं, एवढा फरक चालतो. पाच-सात मिमी आला असता तर समजायचं की फ्रेम कधीतरी वाकलीय.

टायरचं माप, यात मी फसले

पहिल्याच महिन्यात टायर बदलायला निघाले, सायकल २६ ची म्हणून २६ चा टायर आणला, घरी येऊन बसवायला गेले तर हा टायर रिमवर चढेचना, दोन प्लॅस्टिकचे लिव्हर मोडले, अंगठ्याची कातडी गेली, आणि मग टायरच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं वाचलं. जुन्यावर ३७-५९० आणि नव्यावर ५०-५५९. यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. म्हणजे दोघांनाही २६ म्हणतात आणि व्यासात ३१ मिमीचा फरक! २६ इंची नावाखाली अशी वेगवेगळी मापं आहेत, ५५९ माउंटन बाइकचं, ५९० जुन्या तीन-गिअरवाल्यांचं. तसंच ७००सी म्हणजे ६२२ आणि मोठ्या जुन्या २८ वाल्या म्हणजे ६३५. आता इंच बघायचेच नाहीत असं मी ठरवलंय, टायर, ट्यूब, रिम काहीही घ्यायचं असेल तर हा दुसरा आकडा कागदावर लिहून न्यायचा.

रिमा बदलल्या, सगळ्यात मोठा फरक इथे पडला

मूळच्या रिमा क्रोम केलेल्या स्टीलच्या होत्या. कोरड्यात ब्रेक बरा लागायचा, पण रिम ओली झाली की ब्रेक दाबल्यावर आधी काही क्षण काहीच व्हायचं नाही, रबर पाण्यावरून नुसतं घसरायचं. एका पावसाळी संध्याकाळी उतारावर समोर एक मुलगा चेंडूमागे धावत आला, मी दोन्ही ब्रेक मुठी आवळून धरले आणि तरी सायकल त्याच्या अगदी वीतभर अंतरावर जाऊन थांबली. त्याला काही झालं नाही, तो चेंडू घेऊन गेलाही, माझे हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते. त्याच आठवड्यात रिमा बदलायचं ठरवलं.

त्याच ५९० मापाच्या, ३६ भोकांच्या अॅल्युमिनियमच्या रिमा घेतल्या म्हणजे ब्रेक आहे त्याच जागी बसतात. स्पोक नवीन घेतले कारण रिमची खोली वेगळी असली की स्पोकची लांबी बदलते. स्पोक घालून चाकं विणायला मला दोन रविवार लागले. आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना घाई केली की चाक बिघडतं, एका वेळी निपल (स्पोकच्या टोकाचा छोटा नट) पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि आधी वर-खाली होणारा आऊट, मग डावा-उजवा. शेवटी स्पोक जोडीजोडीने हाताने आवळून दाबायचे, तेव्हा कट् कट् आवाज येतात, ते पीळ सुटल्याचे असतात, मग परत थोडा आऊट येतो, तो काढायचा. बोटाने तारा छेडून बघायच्या, एका बाजूच्या सगळ्या साधारण सारख्याच सुरात वाजायला हव्यात. एखादी भद्द वाजली की ती ढिली.

ब्रेक रबर लावताना पुढचं टोक रिमला एखादा मिमी आधी टेकेल असं लावलं, त्याने किंचाळणं बंद झालं. आणि दर दोन आठवड्यांनी रबर बघते, त्यात अॅल्युमिनियमचे चमकणारे कण रुततात, ते सुईने काढून टाकायचे नाहीतर तेच रिमला ओरखडतात.

गिअर

पुढच्या चकतीला ४६ दात, मागच्या चकतीला १८. तीन-गिअर हबमध्ये दुसरा गिअर सरळ असतो, म्हणजे मागची चकती फिरेल तेवढंच चाक फिरतं, पहिला त्याच्या ७५ टक्के आणि तिसरा १३३ टक्के. हिशोब केला तर पुढचे दात भागिले मागचे गुणिले चाकाचे इंच, म्हणजे दुसऱ्यात ६६, पहिल्यात ५०, तिसऱ्यात ८८ (आकडा जितका मोठा तितका गिअर जड). इथेच कळलं की मी तिसरा कधीच का वापरत नव्हते आणि चढावर पहिलाही जड का जायचा. मागची चकती २२ दातांची टाकली (एक स्प्रिंग-रिंग काढली की चकती सुटते, चेनला मात्र दोन-तीन कड्या वाढवाव्या लागल्या), आता ४१, ५४ आणि ७२ झालेत. दुसऱ्यात मिनिटाला ६० पायडल मारले की साडेपंधराच्या आसपास स्पीड मिळतो, गर्दीत माझा खरा स्पीड तेवढाच आहे. गुडघ्याची कुरकुर आठवड्याभरात गेली. जुन्या तीन-गिअरवाली सायकल असेल त्यांनी हा बदल सगळ्यात आधी करा, मनापासून सांगते.

एक सावधगिरी. केबल ढिली झाली की अशा जुन्या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये पायडल एकदम मोकळं फिरतं, आणि तेव्हा उभं राहून जोर लावत असाल तर सरळ दांड्यावर आदळाल. दुसऱ्या गिअरवर ठेवून उजव्या नटच्या खिडकीतून बघायचं, आतल्या बारीक साखळीच्या दांडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर यायला हवा. महिन्यातून एकदा, अर्धा मिनिट लागतो. त्याच वेळी हबच्या भोकातून तेलाचे चार-पाच थेंब.

हवा आणि ते अकरा दिवस

माझं वजन ७४ किलो, ३७ मिमीचे टायर, मागे ५५ पीएसआय आणि पुढे ४५ ठेवते. आधी दोन्हीकडे दगडासारखी हवा भरायचे, कडक म्हणजे वेगवान असं वाटायचं. खडबडीत रस्त्यावर उलट होतं, चाक उडत राहतं आणि अंगाला हादरे बसतात ते वेगळंच. पण फार कमीही नको, खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चिमटून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. रबरी ट्यूबमधून हवा आपोआप हळूहळू जातेच, म्हणून दर रविवारी गेज असलेल्या उभ्या पंपाने बघायची, अंगठ्याने दाबून काही कळत नाही.

नंतर मागच्या चाकाला अकरा दिवसांत तीन पंक्चर झाले. प्रत्येक वेळी टायरमध्ये हात फिरवला, काही लागलं नाही. तिसऱ्यांदा काढलेली ट्यूब व्हॉल्वच्या जागेवरून टायरशी जुळवून बघितली तर तिन्ही भोकं एकाच ठिकाणी, व्हॉल्वपासून डावीकडे चार बोटांवर. मग कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवला आणि तिथे तो अडकला. चिमट्याने काढली तर केसाएवढी बारीक, तीनेक मिमीची पोलादी तार, मोटारींच्या टायरमधून सुटून रस्त्यावर पडतात तसली. ती जागा जमिनीला टेकलेली नसताना तार आत दबून बसायची आणि वजन पडलं की वर यायची. तेव्हापासून टायरवर छापलेलं नाव नेहमी व्हॉल्वसमोर येईल असंच बसवते, म्हणजे ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरमधली जागा लगेच कळते.

कट्-कट्

आता मुख्य दुखणं. २,२०० च्या आसपास पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा कट् असा आवाज सुरू झाला, उजवा पाय खाली येताना. माझ्या मनात आलं कॉटर पिन. जुन्या क्रँकला (पायडलच्या दांड्याला) या पाचरीसारख्या पिना असतात, ढिल्या झाल्या की असाच आवाज येतो. दोन्ही काढल्या, नवीन ९.५ मिमीच्या बसवल्या, क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा आधार देऊन ठोकल्या म्हणजे घाव आतल्या बेअरिंगच्या छर्‍यांवर जात नाही, ५० किमी चालवून नट परत आवळले. आवाज तसाच. मग बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस फिरतो तो भाग) उघडलं, छर्रे धुतले, नवीन ग्रीस भरलं, एक पूर्ण रविवार गेला, आवाज तसाच.

मग डोकं शांत ठेवून एकेक गोष्ट वेगळी करून बघितली. उभं राहून पायडल मारलं, आवाज आलाच, म्हणजे सीट नाही. आवाज दर फेऱ्याला येतोय, दोन-तीन फेऱ्यांनी नाही, म्हणजे चेनची कडी नाही. फक्त डाव्या पायाने चालवलं, आवाज बंद. फक्त उजव्याने चालवलं, परत सुरू. उजवा पायडल काढून बघितला तर त्याचे आटे कोरडे ठणठणीत, गंजाची लाल भुकटी बसलेली. पुसलं, ग्रीस लावलं, आवळलं, आणि आवाज गेला. पाच मिनिटांचं काम होतं. (डावा पायडल काढणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवताना आपोआप सुटत जाईल.) आता कुठलाही आवाज आला की आधी या चार टेस्ट करते, पाना नंतर हातात घेते.

चेन

चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण लोखंड काही लांब होत नाही. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये बुश-रोलर चेन आणली, आजही मूळ रचना तीच, आणि झिजतात त्या आतल्या पिना. प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते आणि सगळ्या फटी मिळून चेन लांब होते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, म्हणून २४ कड्या मोजल्या की बरोबर ३०४.८ मिमी यायला हवेत. स्टीलची पट्टी लावून मोजते. १,००० ला फरक दिसलाच नाही, २,००० ला ३०५.६, आणि आज ३०६.३, म्हणजे अर्धा टक्का. डिरेलरवाल्यांनी इथेच बदलावी, नाहीतर मागच्या चकत्याही खराब होतात. माझी एकच चकती आणि जाड चेन आहे, त्यामुळे मी एक टक्क्यापर्यंत, म्हणजे साधारण ३०७.८ पर्यंत वाट बघणार आहे.

इतकी कमी झीज झाली याचं श्रेय पूर्ण चेनकव्हरला. रस्त्याची वाळू चेनपर्यंत पोचतच नाही. तेल दर ३०० किमीला, प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि मग बाहेरून फडक्याने कोरडं पुसून घ्यायचं, कारण बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं. चेनचा ताण बघताना क्रँक पूर्ण फिरवून जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजायचा, मधोमध वर-खाली सेंटीमीटरभर हलली पाहिजे. चेनव्हील (पुढची दातेरी चकती) पूर्ण गोल नसेल तर एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी घट्ट लागणारच, घट्ट जागेप्रमाणेच ठेवायची.

आजची स्थिती: मागच्या चाकाला अर्ध्या मिमीचा आऊट आलाय, पुढचे ब्रेक रबर संपत आलेत, हेडसेटमध्ये (हँडल फिरतं त्या बेअरिंगमध्ये) सरळ धरल्यावर हलकी खाच लागते, म्हणजे छर्‍यांनी वाटीत खड्डे पाडलेत. नवीन वाट्या आणि ५/३२ चे छर्रे आणून ठेवलेत, येत्या रविवारी हँडल उतरवणार आहे. पुढची नोंद ३,५०० ला.