तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला नंबर कोणाचा?

मी जर्मनीत राहते आणि आरोग्यविम्याच्या आकडेवारीवर काम करते. सुट्टीत पुण्याला आले की कुणी ना कुणी एक प्रश्न विचारतंच. या वेळी बाबांचे मित्र नाना यांनी विचारला. नाना म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक. "अगं, एवढ्या देशांचे आकडे बघतेस, तर सांग ना, युरोपात आरोग्यव्यवस्थेत पहिला नंबर कोणाचा?" चहा संपेपर्यंत मला उत्तर देता आलं नाही. नाना, तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर लिहिते.

नंबर एकदा लावून झाले आहेत. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं १९१ देशांची यादी काढली. फ्रान्स पहिला, इटली दुसरा, स्वीडन २३वा, जर्मनी २५वा. तुम्ही पेपर तपासलेत म्हणून गुणांची वाटणी सांगते. लोकांच्या आरोग्याला २५ टक्के, ते आरोग्य सगळ्यांच्या वाट्याला किती सारखं आलंय याला २५, खर्चाचा भार किती न्यायानं वाटलाय याला २५, आणि रुग्णाला मिळणारी वागणूक व ती सगळ्यांना सारखी मिळते का, याला मिळून २५. मग सगळ्याची बेरीज आणि एकच आकडा. त्यातली वागणूक कशी, हे ३५ देशांतल्या जाणकारांना विचारलं होतं. उरलेल्या देशांचे गुण अंदाजानं भरले. जिथं पेपरच लिहिला नाही तिथंही गुण दिले गेले. टीका इतकी झाली की संघटनेनं तशी यादी पुन्हा काढली नाही.

मोजणं मात्र थांबलं नाही, आणि ते थांबू नये असं मला मनापासून वाटतं. २००८ साली एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये, युरोपातल्या देशांनी एक सनद स्वीकारली: आपापल्या व्यवस्थेची कामगिरी मोजू आणि लोकांसमोर ठेवू. २०१४ मध्ये युरोपियन युनियनच्या देशांचा या कामासाठी तज्ज्ञगट बसला. त्या गटानं २०१७ साली एकात्मिक सेवा कशी मोजायची यावर अहवाल दिला. एकात्मिक सेवा म्हणजे फॅमिली डॉक्टर, हॉस्पिटल, घरी येणारी नर्स, औषधाचं दुकान, म्हाताऱ्यांची देखभाल करणारी नगरपालिका, या सगळ्यांनी एकाच माणसाकडे एकच माणूस म्हणून बघणं. ऐकायला सोपं आहे. मोजायला फार अवघड, आणि का ते मला शेजारच्या आजींमुळे कळलं.

आजी ८४ वर्षांच्या, एकट्या राहतात. हृदय दुबळं झालंय, पायांवर सूज येते. दोन वर्षांपूर्वी त्यांना हॉस्पिटलात ठेवलं होतं. उपचार उत्तम झाले, सूज उतरली आणि एका शुक्रवारी दुपारी त्यांना घरी सोडलं. हातात डॉक्टरांसाठीचं पत्र आणि नव्या गोळ्या. घरी जुन्या गोळ्या होत्याच. लघवीची गोळी हॉस्पिटलनं वेगळ्या कंपनीची दिली होती. खोका वेगळा, नाव वेगळं, आतलं औषध तेच. आजींनी दोन्ही घेतल्या. नवी घ्यायला सांगितलंय, जुनी बंद कर असं कुणी म्हटलेलं नाही, मग दोन्ही घ्यायच्या, हे त्यांचं तर्कशास्त्र मला आजही चुकीचं वाटत नाही. शनिवार-रविवार डॉक्टरांचा दवाखाना बंद. मंगळवारी पहाटे चक्कर येऊन त्या न्हाणीघरात पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं.

जर्मनीत यासाठी नियम नाहीत असं नाही. २०१६ च्या ऑक्टोबरपासून तीन किंवा जास्त औषधं नेहमी घेणाऱ्या माणसाला छापील औषधतक्ता मागण्याचा हक्क आहे, त्यात औषधाचा मूळ घटक लिहायचा असतो. २०१७ पासून रुग्णाला सोडताना पुढची व्यवस्था लावणं हे हॉस्पिटलचं काम ठरलंय. आजींकडे तक्ता होता. तो स्वयंपाकघरातल्या खणात होता, आणि त्यावर जुनी यादी होती.

आता नाना, हा प्रसंग आकड्यांत कसा उतरला ते बघा. हॉस्पिटलचा मुक्काम लहान, म्हणजे चांगला. हृदयाच्या दुखण्यासाठी पुन्हा दाखल व्हावं लागलं नाही, म्हणजे तेही चांगलं. कारण दुसऱ्या खेपेला नोंद झाली ती मोडलेल्या मनगटाची. फॅमिली डॉक्टरांनी त्या तीन दिवसांत काही चुकीचं लिहून दिलं नाही. प्रत्येकाचा रकाना स्वच्छ राहिला आणि आजी प्लास्टर घालून बसल्या. युरोपातले देश एकमेकांशी ताडून बघतात त्यात एक निर्देशक असा असतो: दमा, फुप्फुसांचा जुना विकार, हृदय दुबळं होणं, मधुमेह, यांसाठी किती लोक हॉस्पिटलात दाखल झाले. दवाखान्यातली रोजची देखभाल चांगली असेल तर यातले बरेच मुक्काम टळतात, म्हणून तो निर्देशक मोलाचा आहे. पण आजींचं पडणं त्याच्या जाळीतूनही निसटलं.

स्वीडनमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून धरली गेली. यॉन्शॉपिंग परगण्यातल्या एका वृद्ध बाईंना नव्वदीच्या दशकाच्या शेवटी धाप लागली म्हणून हॉस्पिटलात यावं लागलं, आणि वॉर्डात पोचेपर्यंत त्यांना आपली हकिकत नव्या नव्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावी लागली. तिथल्या लोकांनी त्यांना एस्थर हे टोपणनाव दिलं आणि सगळ्या बैठकांत एकच प्रश्न ठेवला: एस्थरसाठी सगळ्यात चांगलं काय? रुग्णाच्या पायांनी चालत गेलं की कोणत्या दारात तो अडखळतो ते दिसतं. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात मोजणी माणसापासून सुरू होते.

नॉर्वेनं पैशाची वाट धरली. २०१२ पासून, बरा झालेला रुग्ण नगरपालिकेनं सोय न केल्यामुळे हॉस्पिटलातली खाट अडवून राहिला तर दिवसाला, सुरुवातीच्या दरानं, ४००० क्रोनर नगरपालिकेनं भरायचे. अशा अडवलेल्या दिवसांची संख्या झपाट्यानं खाली आली. पण घरी जाणारी माणसं पूर्वीपेक्षा जास्त आजारी असतात, असं गावातल्या नर्स सांगू लागल्या, आणि किती जणांना परत दाखल व्हावं लागतं यावर अभ्यासकांचा वाद झाला. एक आकडा सुधारला की लगेच त्याच्या शेजारचा आकडा बघायची सवय मला या उदाहरणानं लावली.

माझ्या कामाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ भागातल्या किन्त्सिग नदीच्या खोऱ्याचं. तिथल्या डॉक्टरांच्या मंडळानं एका व्यवस्थापन कंपनीसोबत संस्था काढली आणि २००५-०६ च्या सुमारास विमा फंडांशी, म्हणजे लोकांचा आरोग्यविमा चालवणाऱ्या संस्थांशी, करार केला. खोऱ्यातल्या त्या फंडांच्या साऱ्या विमाधारकांवर, सुमारे तीस हजार लोकांवर, अपेक्षेपेक्षा कमी खर्च झाला तर वाचलेल्या पैशात संस्थेचा वाटा. डॉक्टरांच्या या संस्थेत नाव न घातलेले लोकही हिशेबात धरले जातात, त्यामुळे निवडून धडधाकट माणसं घेण्यात फायदा नाही. हा करार मला अजूनही सुंदर वाटतो. खर्च वाचला हे वर्षानुवर्षं दिसत राहिलं. मात्र दहा वर्षांच्या आकड्यांवर झालेल्या स्वतंत्र मूल्यमापनात, तशाच इतर भागांशी तुलना करता, सेवेची गुणवत्ता एकंदरीत ना वाढली ना घसरली असं निघालं. हे वाचलं त्या दिवशी मी खूप अस्वस्थ होते. कामात अर्थ नव्हता, की आम्ही योग्य गोष्ट मोजलीच नव्हती? विमा फंडाच्या बिलांत इंजेक्शन दिसतं, मुक्काम दिसतो. "घरी आल्यावर कुठली गोळी बंद करायची हे तुम्हाला कळलं होतं का?" याचं बिल कुणी लावत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

आपल्याकडे हे काम कोण करतं, ते मी या सुट्टीत पाहिलं. बाबांच्या सगळ्या फायली, रिपोर्ट, सोनोग्राफीचे फोटो एका कापडी पिशवीत असतात आणि ती पिशवी वहिनीच्या खांद्याला असते. हृदयाच्या डॉक्टरांनी काय बदललं हे मधुमेहाच्या डॉक्टरांना ती सांगते. तिला त्यासाठी रजा काढावी लागते, आणि तिच्या त्या रजा कुठल्याच आकड्यात येत नाहीत. युरोपातले एवढे करार, तक्ते आणि सनदा ही ज्यांच्याकडे वहिनी नाही त्यांची पिशवी कुणी उचलायची, याची उत्तरं आहेत. काही बरी, काही अर्धी.

म्हणून नाना, देशाचा नंबर मला सांगता येत नाही. एकाच देशात एका खोऱ्यात ही पिशवी उचलली जाते आणि पलीकडच्या शहरात ती जमिनीवर पडून असते. माझ्यापुरतं मी एवढं विचारते: घरी सोडल्यापासून तीन दिवसांत रुग्णाला कुणाचा फोन आला का, आणि फोन करणाऱ्यापुढे ताजी औषधयादी होती का. आमच्या कार्यालयात, हृदयाच्या दुखण्यानंतर घरी गेलेल्या लोकांची पुढच्या तीस दिवसांतली सगळी दाखल होणी, पडण्याचीसुद्धा, एकत्र मोजावीत असा प्रस्ताव मी दिला आहे. त्यावर चर्चा चालू आहे.

तुमचा मुलगा तुम्हाला उन्हाळ्यात हॅम्बुर्गला बोलावतोय असं म्हणालात. निघण्याआधी डॉक्टरांकडून औषधांची यादी लिहून घ्या, कंपनीचं नाव आणि आतला घटक दोन्ही, सकाळ-दुपार-रात्र अशा रकान्यांत. एक प्रत मुलाकडे, एक खिशात. आजींची आता फ्रिजच्या दारावर आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी खाली जाते आणि आम्ही दोघी ती मोठ्यानं वाचतो.