सस्तनवाल्यांची संध्याकाळ

वन्यजीव सप्ताह आला, की आमचं निसर्ग मंडळ शाळेच्या सभागृहात एक संध्याकाळ करायचं. सरांचा दंडक असा, की प्राण्यावर बोलायचं नाही. तो ज्याने अभ्यासला त्याच्यावर बोलायचं. त्यातही पक्षीवाले वर्ज्य. ‘सलीम अलींना सगळे ओळखतात. सस्तनवाल्यांचं कोण नाव काढतं?’ वक्ते आमच्यातलेच: बँकेतले, पोस्टातल्या काकू, नववी-दहावीची पोरं. मागे चहा आणि शेव-मुरमुरे.

सुरुवातीला प्रत्येकाला जॉर्ज शॅलरच हवे असत. कान्हात राहून वाघ-हरणांचा अभ्यास केलेला माणूस, रंगायचाच. पण माझ्या मते कार्यक्रमाला खरी चव आली ती उंदीर-वटवाघळांपासून.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये देशभरच्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण हाती घेतलं आणि त्याचा पहिला अहवाल आपल्या खानदेशाचा आहे, हे बँकेतल्या साहेबांनी सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतले आजोबा सावरून बसले. सापळे लावायचे, कातडी सोलून त्यात कापूस भरायचा, चिठ्ठी बांधायची, खोका लंडनला. तिथे ते तपासणाऱ्यांत होते रॉटन साहेब, मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून निवृत्त झालेले आणि आधी मुंग्यांच्या नादात असलेले. त्यांचं नाव मिळालेलं वटवाघूळ सोसायटीच्याच स्टॅनले प्रेटर यांना बेळगावकडच्या बारापेडे गुहेत सापडलं. कित्येक दशकं ते जगात फक्त त्याच गुहेतून माहीत होतं. हेच प्रेटर पुढे संविधान सभेत बसले. हे ऐकून नागरिकशास्त्राच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात वटवाघूळ शिकवलं म्हणे!

पोस्टातल्या काकूंनी मात्र किट्टी थोंगलोंग्या सांगितले आणि मंडळाचा नियम मोडला. १९४८ मध्ये तमिळनाडूच्या डोंगरात अँगस हटन यांना मिळालेलं एक फळखाऊ वटवाघूळ सोसायटीच्या कपाटात साध्या जातीच्या चिठ्ठीखाली पडून होतं. थायलंडच्या किट्टींनी ते पाहिलं, दात तपासले आणि १९७२ मध्ये नवी जातच काय, नवी प्रजाती, म्हणजे जातीच्या वरचा गटच, जाहीर केली. नाव दिलं सलीम अलींचं! पक्षीवाले मागच्या दाराने आत आले. सगळे हसले, सर सर्वांत जास्त. मग काकूंनी पुढचं सांगितलं. १९७४ मध्ये किट्टी गेले. त्यांनीच थायलंडमध्ये शोधलेल्या, जेमतेम २ ग्रॅमच्या वटवाघळाला ब्रिटिश अभ्यासक जॉन हिल यांनी त्याच वर्षी त्यांचं नाव दिलं. काकू पार्सलं तोलणाऱ्या. २ ग्रॅम म्हणजे किती ते त्यांनी तळहात पुढे करून दाखवलं.

२०२४ मध्ये ए. जे. टी. जॉनसिंग गेले. बंदीपूरला रानकुत्र्यांचा अभ्यास करणारे, जंगल पायी तुडवणारे. दहावीतल्या मुलीने त्यांच्यावर बोलून संपवताच पोरं उठली: आपणही यावलच्या जंगलात चालत जायचं. सर म्हणाले, ‘वनखात्याची परवानगी मी काढतो. माझ्या गुडघ्यांची तुम्ही काढा.’