वाळूतला खुंटा: ओढीत टिकला, डुलण्यात हरला

किनाऱ्यावरची छत्री वाळूत घट्ट कशी रोवायची, हा माझा प्रश्न. त्यासाठी मळसूत्री खुंट्याची, म्हणजे स्क्रूसारखा पिळून वाळूत बसवायच्या खुंट्याची, उभ्या ओढीची चाचणी मागच्या नोंदीत टाकली होती. त्यात तो सहज उपटला गेला नाही आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी "आता प्रश्न सुटला" असं लिहिलं होतं. सुटलेला नाही. ओढकाट्यावर (ओढीचा जोर मोजणाऱ्या काट्यावर) मजबूत ठरलेला तोच खुंटा, तीच ओलसर वाळू, वर दोन मीटर व्यासाची छत्री, आणि मध्यम वाऱ्यात दुपारपर्यंत दांडा बुडाशी खुळखुळायला लागला. उपटला गेला नाही, हे महत्त्वाचं. आधी सैल झाला, मग कलला.

म्हणून सगळं सोडून डुलण्याच्या मागे लागलो आहे. गाडीची जुनी वायपर मोटर, तिच्या दांड्याला क्रँक (फिरणं पुढे-मागे हलण्यात बदलणारा दांडू) आणि तिथून स्प्रिंगमधून छत्रीच्या दांड्याला दोरी, अशी जोडणी केली. मोटर दांड्याला एका बाजूने हलका झोका देत राहते, म्हणजे वाऱ्याची झुळूक येते-जाते तसं. एकदाच जोरात ओढून बघणाऱ्या चाचण्यांवरचा माझा विश्वास उडाला आहे. छत्री एका झटक्यात क्वचित जाते, ती हजारो छोट्या झोक्यांनी जाते. ही चाचणी पिंपात वाळू भरून करू नका. पिंपाच्या भिंती वाळूला चहूबाजूंनी आवळून धरतात आणि खुंटा आहे त्यापेक्षा भक्कम वाटतो. किनाऱ्यावरच करा.

बुडाशी डोळे लावून बसल्यावर जे दिसतं ते असं. दांडा वाऱ्याने मागे झुकतो तेव्हा पुढच्या बाजूला चंद्रकोरीएवढी फट पडते. वाळू ओलसर असेल तर फटीची भिंत उभी राहते, कारण कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं. पण ऊन चढलं की वरचा थर सुकतो आणि कोरडे कण त्या फटीत घरंगळतात. दांडा परत सरळ व्हायला जातो तर तिथे आता वाळू बसलेली असते. पुढच्या झोक्याला तो आणखी थोडा मागे जातो, पुन्हा फट, पुन्हा कण. कलणं एकाच दिशेला साठत जातं. काही कण थेट टोकाखाली पोचतात, त्यामुळे साधा दांडा हळूहळू वरही उचलला जातो. सकाळी घट्ट आणि दुपारी सैल, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेलं कोडं यानेच सुटतं, असं माझं ठाम मत आहे.

मळसूत्र इथे का कमी पडतं? त्याचं पातं खाली टोकाशी असतं. उभी ओढ आली की पात्यावरची सगळी वाळू वजन म्हणून कामाला लागते, तिथे ते उत्तमच. पण आडव्या झोक्याला वरचा बारीक दांडा सुरीसारखा वाळू कापत जातो. ढोबळ हिशोब करून बघा: ३२ मिमी जाडीचा साधा दांडा कोरड्या वाळूत ५० सेंमी पुरला, तर जमिनीपासून दोन मीटरवर तो साधारण ४ किलोचाच आडवा भार पेलतो. ७० सेंमी पुरला तर १० किलो. रोवलेल्या भागाची ताकद खोलीच्या जवळपास घनाने वाढते, त्यामुळे "अजून एक वीत खाली" हा सल्ला अगदी खरा आहे. समोरचा हिशोबही पाहा. ताशी ३६ किमी वारा चौरस मीटरला सुमारे ६ किलो दाब देतो. दोन मीटरचं पूर्ण छत वाऱ्याला समोर धरलं तर १९ किलोच्या आसपास. ताशी ५४ किमीला तोच आकडा सव्वादोन पट. नुसत्या दांड्याच्या हातातलं हे काम नाही.

आता आनंदाची गोष्ट. मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचे) चार उभे पंख दांड्याभोवती फुलीसारखे बसवले, जमिनीच्या पातळीपासून सुमारे वीतभर खालपर्यंत. म्हणजे जिथे फट पडायला सुरुवात होते, नेमकं तिथे रुंदी वाढवली. खड्डा खणून खुंटा ठेवला, ओली वाळू थराथराने टाकली आणि प्रत्येक थर टाचेने चोपला. बॅटरी उतरेपर्यंत मोटर चालली आणि बुडाशी बोट जाईल एवढीही फट नव्हती. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

चोपण्याकडे दुर्लक्ष करू नका. घट्ट बसलेल्या वाळूला सरकायचं झालं तर आधी फुगावं लागतं. ओल्या किनाऱ्यावर पाऊल टाकलं की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ते यामुळेच. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये या गुणाबद्दल लिहिलं होतं. नुसतं बादलीभर पाणी ओतून सोडून दिलं तर हा फायदा मिळत नाही. फार पाणी झालं आणि त्यात दांडा हलवला तर तो उलट खाली घसरतो. रोवताना ही युक्ती कामाची आहे, पण नंतर आजूबाजूची वाळू चोपून घ्यावीच लागते.

सामानाबद्दल थोडं. प्लास्टिकच्या मळसूत्रांना दांडा धरायला जो हाताने पिळायचा स्क्रू असतो, तो मला अजिबात पटलेला नाही. आट्यांत वाळू जाते, स्क्रू अर्धवट आवळला जातो, आणि खुंट्याच्या तोंडात दांड्याला मिलिमीटरभर जागा मिळाली तरी सगळं डुलणं तिथूनच सुरू होतं. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जागा भरतो. तणाव्यांना, म्हणजे दांडा ताणून धरणाऱ्या दोऱ्यांना, नायलॉन नको, ते ताणतं आणि भिजलं की आणखी सैल पडतं. पॉलिएस्टर घ्या.

तणाव्यांवर मी पूर्वीपासून फिदा आहे. वरच्या टोकाजवळ बांधून ४५ अंशांत खाली आणला की १९ किलोच्या वाऱ्याला तणाव्यात २७ किलो ताण येतो आणि दांडा वाळूत खाली दाबला जातो, जे वाळूला झेपतं. तणाव्याचं खालचं टोक बांधलेली ३० सेंमी चौरस कापडी पिशवी ४० सेंमी खोल पुरली तर तिच्या डोक्यावरची वाळूच ५७ किलो भरते. दोरी जाईल तिथे तिरपी चीर आधीच पाडा, नाहीतर दोरी वाळू कापत सरळ होते आणि तणावा ढिला पडतो. अडचण एकच, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय अडकतात. म्हणून बुडाजवळ, ६० सेंमी उंचीवर आखूड तणावे बांधावेत असा बेत मांडायला इथे बसलो होतो. पण वारा दोन मीटरवर लागतो, त्यामुळे हिशोब मांडला तर नुसती आडवी ओढच ६३ किलोवर जाते. बेत रद्द.

त्याऐवजी दुसरंच सुचतंय. आयरिश अभियंता अलेक्झांडर मिचेलने १८३३ मध्ये मळसूत्री खांबाचं पेटंट घेतलं, आणि पुढे इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या मॅपलिन सँड्सच्या वाळूत त्याच्या खांबांवर दीपगृह उभं राहिलं. तिथे खांब नऊ होते आणि एकमेकांना बांधलेले होते, कुठल्याही एकट्या खांबावर डुलण्याचा भार नव्हता. मग आपणही एका मोठ्या मळसूत्राऐवजी तीन छोटी का लावू नयेत? ८० सेंमी बाजूचा त्रिकोण, वर एक चौकट, मधोमध दांड्याचं तोंड. झोका आला की तो एका खुंट्याला उपसण्यात आणि उरलेल्यांना दाबण्यात बदलतो. वाईटात वाईट दिशेला एका मळसूत्रावर सुमारे ५५ किलो उभी ओढ येईल, आणि उभी ओढ हीच मळसूत्राची आवडती बाजू. लांब मळसूत्र बनवायला घेतलं होतं ते आता थांबवतो, त्याच पाइपचे तीन तुकडे करतो.

चौकट ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीची करावी की प्लायची, यावर अडलो आहे. वजन महत्त्वाचं आहेच, पण सांध्यात जराही खेळ राहिला तर सगळी मेहनत वाया. तुमच्यापैकी कोणी असा तिपाई पाया वाळूत लावला असेल तर सांधे कसे आवळले, तेवढं नक्की कळवा.