तुम्ही विचारलंत म्हणून : शंका आली म्हणजे विश्वास गेला का?

रविवारच्या उपासनेनंतर महाविद्यालयात शिकणारी मुले मला एक प्रश्न वारंवार विचारतात. प्रार्थना चालू असताना मध्येच ‘हे सारे खरे आहे का?’ असे मनात येते. तेव्हा आपला विश्वास संपला असे समजायचे का, आणि तुम्ही स्वतः अशा वेळी काय करता? या प्रश्नामागे बहुधा बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायाची धास्ती असते, कारण संशय धरणारा माणूस वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा असतो, हे वचन त्यांना शब्बाथशाळेपासून पाठ असते. त्याच्या लगेच आधीचे वचन मात्र फारसे कोणी पाठ करून घेत नाही. ज्याला ज्ञान उणे पडते त्याने ते देवाजवळ मागावे, तो कोणालाही दोष न लावता देतो, असे तेथे म्हटले आहे. न कळणाऱ्याला याकोब दटावत नाही. देवाजवळ मागायचे आणि त्याच्यावर विसंबायचे मात्र नाही, अशा दुटप्पी मनाला तो दटावतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तर गालीलातील डोंगरावर मरणातून उठलेल्या ख्रिस्ताला पाहून शिष्य नमन करतात, तरी कित्येकांना संशय वाटतो, आणि येशू त्यांतल्या कोणालाही न वगळता सर्वांना कामगिरीवर पाठवतो.

तरीही शंकेचे करायचे काय, हे मला वचनांपेक्षा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावरून अधिक उमजले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांची लहानगी लेक मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्यांचे प्रश्न थांबण्याऐवजी वाढले. त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा) सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार यांवर त्यांनी वाँटेजच्या मठातील आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जो वाद घातला, तो वाचताना आजही दोघींची दमछाक जाणवते. पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटलेली मी तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी त्यांना दिले होते. जेराल्डिन यांना हा हट्ट वाटला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्या प्रश्नांना विचारी माणसाचे प्रश्न म्हणून वागवले. आपल्या मंडळ्यांत जेराल्डिन पुष्कळ आहेत, बीलबाई थोड्या, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पुढे आपल्या साक्षीत रमाबाईंनी लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास आला. विधवा मुलींसाठी त्यांनी काढलेले शारदा सदन त्याआधीच, मार्च १८८९ मध्ये, मुंबईत सुरू झाले होते. मनातला प्रश्न सुटेपर्यंत विधवा मुलींना थांबायला सांगावे, असे त्यांना वाटले नाही, आणि खात्री पटल्यावर त्यांची चौकस बुद्धीही थंडावली नाही. बायबलचे मराठी भाषांतर स्वतः करता यावे म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या. मला वाटते, शंकेवरचा त्यांचा विजय कोणत्या एका युक्तिवादाने झाला नाही. प्रश्न, प्रार्थना आणि काम ही तिन्ही त्यांनी एकाच वेळी चालू ठेवली, त्यांतल्या एकासाठी दुसरे बंद पाडले नाही.

सगळ्या शंका मात्र बुद्धीतून येत नाहीत. घरात अकाली मृत्यू झालेल्या माणसाला युक्तिवाद ऐकवणे मला निर्दयपणाचे वाटते. त्याच्याजवळ बसून अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे, जे अंधारातच संपते आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. मंडळीतली जातपात आणि मालमत्तेचे तंटे पाहून ज्याचा विश्वास डळमळला, त्याला तर मी समजावायलाही जात नाही. त्याची तक्रार खरी असते आणि उत्तर मंडळीने द्यायचे असते.

आता माझ्यापुरते सांगतो. शंका आली की मी ती आधी प्रार्थनेतच बोलून टाकतो, आणि शब्द सुचले नाहीत तर मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचे उसने घेतो : ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ मग प्रश्न नीट कागदावर लिहितो, कारण मनात घोळणारी धूसर भीती लिहिताना बहुतेक वेळा एका मोजक्या प्रश्नापुरती उरते, आणि तो प्रश्न न बिचकणाऱ्या एका माणसापुढे ठेवतो. त्या काळात उपासना आणि प्रभुभोजन चुकवत नाही. काही प्रश्न यानेही सुटलेले नाहीत. यहोशवाच्या पुस्तकात देवाच्या आज्ञेने झालेल्या कनानी नगरांच्या संहारावरची नाना स्पष्टीकरणे मी वाचली आहेत, पण एकही पुरते पटलेले नाही. अभ्यासगटात ते अध्याय आले की मी ते गाळत नाही, आणि मुलांनी विचारले तर हे असेच सांगतो.