डिझेलची वही

सोमवार, रात्री

आज टाकी पूर्ण भरून घेतली आणि पंपावरचा आकडा पाहून मन खट्टू झाले. दर वाढत चालले आहेत हे रोज कानांवर येते, पण त्याचा माझ्या वागण्यावर नेमका काय परिणाम झाला आहे, हे मी आजवर स्वतःशी नीट मांडले नव्हते. आज परतीच्या वाटेवर हिशेब केला, तेव्हा लक्षात आले की गेल्या दोन महिन्यांत मी आईकडे तीनच वेळा गेले. पूर्वीची रीत पाहता निदान आठ वेळा तरी गेले असते.

आई राहते तिथवर पोहोचायचे तर शेवटचे चार किलोमीटर कच्च्या चढाचे आहेत. एरवी धूळ आणि सुटे दगड, पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल. साधी गाडी पायथ्याशीच थांबते आणि तिथून आईची औषधे व महिन्याचे सामान डोक्यावर न्यावे लागते. चारही चाकांना जोर देणारी ही गाडी मी एवढ्याच कारणासाठी घेतली होती. परवा फोनवर आई म्हणाली, "अगं, डिझेल एवढं महाग झालंय, कशाला धावपळ करतेस? माझं काही अडलेलं नाही." तिने ते अगदी सहज म्हटले, पण मागच्या खेपेस मी निघाले तेव्हा ती गुडघे दुखत असूनही फाटकापर्यंत चालत आली होती आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभी होती, हे मला आरशात दिसले होते.

म्हणून आज एक वही सुरू केली आहे. तिच्यात चार रकाने आखले: तारीख, मीटरचा आकडा, भरलेले लिटर आणि फेरीचे कारण. दराचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलबंदी जाहीर झाली आणि अवघ्या काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. २००८ च्या जुलैमध्ये तो तोवरच्या उच्चांकावर जाऊन वर्ष संपेपर्यंत कोसळला. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकी तेलाच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा, भाव चक्क शून्याच्या खाली उतरला आणि पुढे दोनच वर्षांत युक्रेनवरील आक्रमणानंतर भाव पुन्हा भडकले. यातले काहीही माझ्या हातचे नाही. लिटर मात्र माझ्या उजव्या पायाखाली आहेत.

गुरुवार

मोजायला बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी की, माझे मोजमापच चुकत होते. मागच्या टाकीवर मीटरने ५१२ किलोमीटर दाखवले आणि पुन्हा काठोकाठ भरताना ५९.५ लिटर डिझेल बसले, म्हणजे लिटरला ८.६ किलोमीटर. पण गाडीला मी दोन वर्षांपूर्वी मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले आहेत. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, मीटर मात्र जुन्याच चाकाच्या हिशेबाने मोजत राहते. आज हमरस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिले, तर दगडांप्रमाणे १०० किलोमीटर झाले तेव्हा मीटरवर ९५ होते. त्या हिशेबाने खरे ॲव्हरेज ९.०६ निघते. डिझेल तेवढेच जळाले असल्यामुळे याने एक थेंबही वाचलेला नाही. पण चुकीच्या आकड्यावर उपाय शोधत बसण्यापेक्षा खरा आकडा हाताशी असलेला बरा. आता या वहीत सगळे अंतर दुरुस्त करूनच लिहिणार आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. आपण नेहमी 'लिटरला किती किलोमीटर' असे विचारतो आणि त्यामुळे आपली गल्लत होते. जी गाडी लिटरला ८ किलोमीटर देते ती ९ देऊ लागली, तर १०० किलोमीटरमागे जवळजवळ १.४ लिटर वाचतात. जी १४ देते ती १६ देऊ लागली, तर जेमतेम ०.९ लिटर वाचतात. ऐकताना दुसरी सुधारणा दुप्पट वाटते, पण टाकीत जास्त डिझेल उरते ते पहिलीमुळे. 'एवढ्या पिणाऱ्या गाडीत एखाद-दुसऱ्या किलोमीटरने काय फरक पडणार' असे मला अनेकांनी सांगितले आहे आणि मीही ते मान्य करत आले होते. प्रत्यक्षात जास्त पिणाऱ्या गाडीतच प्रत्येक लहान सुधारणेला अधिक मोल आहे.

रविवार, दुपारी

आज गाडीच्या मागच्या भागातले सामान खाली उतरवले. दुसरी स्टेपनी, साखळ्या, फावडे, हत्यारांची जड पेटी, पाण्याचा २० लिटरचा कॅन आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेल्या लोखंडी पट्ट्या. घरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून बेरीज केली, तर ७४ किलो भरले. साधारणपणे ४५ किलो जादा वजनामागे इंधनाचा खर्च सुमारे १ टक्क्याने वाढतो असे मानतात, आणि गाडी मुळातच जड असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे यातून फार मोठे काही हाती लागणार नाही. तरीही स्टेपनी, पाणी बाहेर काढले. फावडे आणि ओढायचा पट्टा मात्र तसाच ठेवला, कारण आईच्या वाटेवर ते सोबत नसणे मला परवडणारे नाही.

टपावरचे कॅरिअर काढणे हे खरे काम होते. त्याचे बोल्ट गंजून जागेवर बसले होते. तेल सोडून तासभर वाट पाहिली, तेव्हा कुठे चार सैल झाले आणि उरलेले दोन कापावे लागले. कॅरिअर रिकामे असले तरी वाऱ्याला अडवतच असते. संध्याकाळी गाडी रस्त्यावर काढली तेव्हा आतापर्यंत इंजिनाचा समजत असलेला एक सततचा घुमणारा आवाज नाहीसा झाला होता. तो वाऱ्याचा आवाज होता आणि त्या आवाजाचे पैसे मी तीन वर्षे भरत होते.

टायरमधली हवाही पाहिली. कच्च्या चढावर पकड मिळावी म्हणून मी हवा उतरवते, ते योग्यच आहे; पण परत डांबरावर आल्यावर ती पुन्हा भरायचा कंटाळा करते. चारही चाकांत ठरल्यापेक्षा ७ ते ९ पीएसआय कमी होती. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, उलगडतो आणि तेवढी ताकद उष्णतेत वाया घालवतो. शिवाय त्याच्या कडा झिजतात आणि वेगात तो फुटण्याचा धोकाही असतो. आता हवा भरायचा छोटा पंप गाडीतच राहील. त्याचे वजन वाढले तरी चालेल.

बुधवार

आज जे सापडले त्याने मी अक्षरशः हादरले.

वीसेक किलोमीटर सरळ रस्त्याने, ब्रेकला फारसा पाय न लावता घरी आले आणि उतरल्यावर सहज म्हणून चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहिला. तीन चाके कोमट होती. पुढच्या डाव्या चाकाच्या रिमजवळ हात नेताच तो आपोआप मागे आला, इतकी ती तापली होती, आणि जवळ वाकल्यावर करपल्यासारखा वासही येत होता. लगेच मिस्त्रींना बोलावले. त्यांनी जॅक लावून चाक उचलले आणि हाताने जोरात फिरवले, तर ते अर्धा फेरादेखील पुरा न करता थांबले. ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकते त्या पिना चिखल आणि गंजाने घट्ट धरून ठेवल्या होत्या, त्यामुळे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहत होता. मिस्त्रींनी पिना काढून साफ केल्या, ग्रीस लावले, घासून पातळ झालेले पॅड बदलले आणि पुन्हा चाकाला हात दिला. या वेळी ते खडखड न करता, मऊपणे फिरत राहिले. "ताई, तुम्ही एवढे दिवस ब्रेक दाबूनच गाडी चालवत होतात," असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, पण मला फार अपराधी वाटले. डिझेलचे तर सोडाच. आई शेजारी बसलेली असताना उतारावर तो ब्रेक तापून निकामी झाला असता, तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

त्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवली. माझ्या गाडीत पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हब, म्हणजे चाक पुढच्या ॲक्सलला जोडणारे किंवा सोडवणारे खटके, आहेत. ते 'लॉक' करून ठेवले की, गाडी दोन चाकांवर चालत असली तरी पुढचा ॲक्सल, डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) हे सगळे चाकांबरोबर उगाचच फिरत राहतात. मागच्या पावसाळ्यापासून ते लॉकच होते. आता मोकळे केले आहेत. चढाच्या पायथ्याशी उतरून दोन्ही फिरवायला एक मिनिट लागते.

शनिवार

आजच्या चुकीबद्दल लिहायलाच हवे.

आईकडे निघाले होते. बचतीचे खूळ डोक्यात इतके भरले होते की, ओल्या चढाला लागतानाही मी हब फिरवले नाहीत. मागच्या दोन चाकांवर वेग धरून चढून जाऊ असे वाटले. तिसऱ्या वळणावर मागचे चाक गरगरा फिरले, त्याने स्वतःसाठी खड्डा खणला आणि गाडी तिरकी होऊन थांबली. पाऊण तास फावड्याने चिखल उपसला, दगड घातले, इंजिन रेटले. शेवटी हब लॉक करून, लिव्हर फोर-एलमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर) टाकून, क्लच सोडून अगदी सावकाश गाडी वर काढली. सुरुवातीलाच हे केले असते, तर पाच मिनिटांत वर पोहोचले असते आणि त्या पाऊण तासात जळालेले डिझेल वाचले असते.

चार चाकांचा जोर हा या गाडीचा उधळेपणा आहे असे मी मनाशी धरून चालले होते, तिथेच चुकले. चिखलात किंवा सुट्या दगडांवर तो जोर वापरणे हीच काटकसर आहे, कारण न घसरता फिरलेले चाक गाडीला पुढे नेते आणि घसरलेले चाक नुसते डिझेल जाळते. कोरड्या डांबरी रस्त्याची गोष्ट वेगळी. तिथे वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि माझ्या गाडीसारख्या साध्या रचनेत, जिथे मधले डिफरन्शियल नाही, तिथे फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगासाठी) ती एकमेकांना ओढत राहतात. टायर घासतात, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो आणि इंधन जाते ते वेगळेच. पाऊस पडला की पक्क्या रस्त्यावरही मनाच्या समाधानासाठी मी फोर-एच लावत असे. ती सवय सोडणार आहे.

मंगळवार

वेगाबद्दल. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून अधिक होतो, आणि या गाडीचा आकार म्हणजे उभे कपाटच. १२० किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर ८० ने दीड तास लागतो आणि १०० ने एक तास १२ मिनिटे. त्या १८ मिनिटांसाठी मी एवढी वर्षे काय मोजले, हे वहीतून हळूहळू दिसू लागले आहे. आता ८० च्या आसपास राहते. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करावी असेही काहींनी सुचवले, ते मात्र मी कदापि करणार नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की आजची इंजिने इंधन बंदच करतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते जाळावे लागते आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.

पहाटे डिझेल भरले की जास्त मिळते, हेही ऐकत आले आहे. इंधनाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही. झोपमोड करण्यासारखे त्यात काही नाही.

रविवार, रात्री

सहा आठवड्यांची नोंद समोर आहे. शेवटच्या तीन टाक्यांची सरासरी लिटरला १०.६ किलोमीटर आली. १,००० किलोमीटरमागे सुमारे १६ लिटर कमी लागले. यातले किती कॅरिअरमुळे, किती ब्रेकमुळे आणि किती वेगामुळे, ते मला वेगळे करून सांगता येणार नाही, कारण सगळे जवळजवळ एकाच वेळी केले.

पण वहीतला सर्वांत बोलका रकाना चौथा निघाला. पहिल्या पंधरवड्यात तिथे बहुतेक ओळींवर 'किरकोळ' असे लिहिले आहे: दोन किलोमीटरवरचे काम, एक वस्तू आणायला वेगळी फेरी, कुणाला तरी सोडायला. थंड इंजिन पहिल्या काही किलोमीटरांत जास्त पिते आणि दोन किलोमीटरांत ते धड तापतही नाही. अशा फेऱ्या आता मी पायी किंवा बसने करते, नाहीतर दोन-तीन कामे एकत्र बांधते. गेल्या पंधरवड्यात 'किरकोळ' दोनदाच आले आहे आणि 'आई' चार वेळा.

काल संध्याकाळी पायथ्याशी थांबून हब फिरवले आणि फोर-एलमध्ये पहिल्या गिअरवर वर गेले. आई ओट्यावर होती. "एवढ्यात परत कशी आलीस गं?" असे तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पाणी आणायला आत वळली. मी गाडीभोवती फिरून चारही रिमांजवळ हात नेला. चारही कोमट होत्या.